नवस कशाचा होता तेच कुणाला माहीत नव्हतं

घरात जागरण घालायचं ठरलं की लोक आधी तारीख बघतात, वाघ्या-मुरळीची पार्टी बघतात, जेवणाचं बघतात. आमच्याकडे पहिला प्रश्नच वेगळा आला, की नवस कशाचा होता? कारण नवस बोलणारी बाई म्हणजे माझ्या सासूबाई, त्या गेल्या, आणि शेवटच्या आजारपणात माझ्या नणंदेला एवढंच म्हणाल्या की खंडोबाचं राहिलंय, जागरण बोलले होते, तेवढं घाला. कधी बोलल्या, काय मागितलं, कुणासाठी, काही नाही. ताईंना वाटलं बरं वाटल्यावर निवांत विचारू, आणि ते निवांत काही आलंच नाही.

आम्ही कोपरखैरणेला राहतो. सासरे, त्यांना आम्ही आण्णा म्हणतो, माथाडी कामगार होते. आधी मस्जिद बंदरला पाठीवर गोण्या वाहिल्या, मग बाजार वाशीला आला तसे तेही इकडे आले आणि माथाडींच्या घरांमधलं एक छोटं घर मिळालं. गाव खटाव तालुक्यात, कुळदैवत पालीचा खंडोबा. कराडजवळ तारळी नदीच्या काठावर देऊळ आहे, पौषात तिथे खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं आणि त्या दिवशी भंडाऱ्याने माणसं, रस्ता, नदीचा काठ सगळं पिवळं होऊन जातं. मी मात्र ठाण्याची, नौपाड्यात वाढलेली, आमच्याकडे गणपती आणि सत्यनारायण याच्या पलीकडे फार काही नसायचं, त्यामुळे जागरण म्हणजे माझ्या लग्नानंतर झालं तेवढंच पाहिलेलं आणि त्यातही मी निम्मी रात्र पेंगत होते.

वर्षश्राद्ध झालं आणि मग मार्गशीर्षात करून टाकू असं ठरलं. मार्गशीर्षाची पहिली सहा तिथी खंडोबाचं नवरात्र असतं, शेवटी चंपाषष्ठी, मणी-मल्ल दैत्यांवर देवाने जय मिळवला तो दिवस. घरोघरी वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा करतात. आम्हाला नेमकी षष्ठी मिळाली नाही, पार्ट्या सगळ्या बुक, त्या दिवसांत वाघ्या मिळणं म्हणजे लग्नसराईत हॉल मिळण्यासारखं. पुढची एक तारीख मिळाली, शनिवारची, तीही बाजारातल्या एका ओळखीच्या माणसाने शब्द टाकला म्हणून.

फोनवर वाघ्याने पहिलं विचारलं, "नवस कशाचा? लग्नाचा का पोराचा का घराचा? गाण्यात घ्यावं लागतं वहिनी." मी म्हटलं विचारून सांगते.

मग एका रविवारी सगळे जमले आणि विषय निघाला. नवऱ्याला खात्री होती की नवस त्याच्या नोकरीचा, कारण कंपनीत कितीतरी वर्षं कॉन्ट्रॅक्टवर काढल्यावर त्याला परमनंट केलं तेव्हा आई तीन वेळा देवाला नारळ फोडून आली होती. ताई म्हणाल्या, छे, माझ्या लग्नाचा, स्थळं किती नाकारत होती तुम्हाला आठवत नाही, आई रात्री रडायची. धाकट्या जाऊबाई शांत बसल्या होत्या आणि मग हळूच म्हणाल्या, मला वाटतं सोहमचा असेल. त्यांना मूल व्हायला फार वेळ लागला होता, ट्रीटमेंट चालू होती, आणि सासूबाईंनी त्या काळात गुरुवार, शनिवार, एकादशी काही म्हणून सोडलं नव्हतं. आण्णा म्हणाले, माझ्या पाठीचा असंल. बाजारात त्यांच्या अंगावर थप्पी कोसळली होती, डॉक्टरने चालता येईल की नाही सांगता येत नाही म्हटलं होतं. आणि मी? मी बोलले नाही, पण मलाही आतून वाटत होतं की माझ्या ऑपरेशनच्या वेळचा असणार, कारण सासूबाई तेव्हा आयसीयूच्या बाहेर बसून होत्या आणि घरी जा म्हटलं तरी गेल्या नव्हत्या.

त्या दुपारी एक गोष्ट फार विचित्र वाटली. तिथे बसलेल्या प्रत्येकाला कधीतरी काहीतरी जीव तोडून हवं होतं, आणि ते मिळालं होतं. आणि त्यातलं एकही आम्हाला एरवी आठवत नव्हतं! ज्या नोकरीसाठी नारळ फोडले त्या नोकरीला नवरा रोज सकाळी शिव्या घालून डबा उचलतो. ताईंचं लग्न झालं आणि दुसऱ्या वर्षापासून त्या नवऱ्याच्या तक्रारी घेऊन माहेरी. सोहमसाठी आख्खं घर देवापुढे बसलं होतं आणि आता तो मोबाईल खाली ठेवत नाही म्हणून आख्खं घर त्याच्यावर ओरडतं. मी जिवंत आहे याचं मला रोज सकाळी उठून काही विशेष वाटत नाही, दूध आलं का तेच बघते. इच्छा पुरी झाली की ती दिसेनाशीच होते, तिच्या जागेवर दुसरी येऊन बसते आणि पहिली जणू नव्हतीच. फक्त नवस हा एक प्रकार असा आहे की तो तुम्हाला मागे वळवतो, थांब म्हणतो, तू हे मागितलं होतंस आणि तुला हे मिळालंय, आता ये आणि चारचौघांत ते सांग.

धाकट्या दिरांना हे पटत नाही. ते ठाण्याला राहतात, गीतेच्या क्लासला जातात, अभ्यास चांगला आहे त्यांचा, पण बोलायला लागले की थांबत नाहीत. त्यांचं म्हणणं की नवस म्हणजे देवाशी सौदा, आणि तुकाराम महाराजांनी तर सरळ विचारलंय, "नवसें कन्यापुत्र होती, तरि कां करणें लागे पति". जाऊबाईंचा चेहरा पडला. मग भाऊजी गीतेच्या सातव्या अध्यायावर आले, की कामनेपोटी देवाला भजणाऱ्यांना फळ मिळतं पण ते अंतवत्, संपणारं. मला गीता येते अशातला भाग नाही, पण तो अध्याय मी वाचलाय आणि त्यातच थोडं आधी म्हटलंय की चार प्रकारचे लोक मला भजतात, आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. म्हणजे अडलेला, जाणून घ्यायचंय असा, काहीतरी हवंय असा, आणि कळलेला. आणि पुढे "उदाराः सर्व एवैते", हे सगळेच चांगले. ज्ञानी मला सगळ्यात जवळचा असं म्हटलंय, ते खरं, पण मागणाऱ्याला हाकलून नाही दिलेलं. त्याच अध्यायात देव असंही म्हणतो की धर्माला सोडून नसलेली इच्छा ती मीच आहे. मी हे बोलले तर भाऊजी म्हणाले, बरोबर आहे वहिनी, पण पसायदानात "जो जे वांछील तो ते लाहो" कधी येतं बघा. आधी "दुरितांचे तिमिर जावो", मग विश्वाने स्वधर्माचा सूर्य बघायचा, आणि मग ज्याला जे हवं ते मिळो. आधी अंधार जाऊ दे आणि मग मागा, कारण अंधारात माणूस काय वाट्टेल ते मागतो. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मला तो मुद्दा आवडलाही. शाळेत रोज म्हणत होतो पण त्या क्रमाकडे कधी लक्ष गेलं नव्हतं.

असो. आण्णा म्हणाले वाद बास, ती बोललीये, घालायचं.

तयारीत पंधरवडा कसा गेला कळलं नाही. वाघ्याने व्हॉट्सॲपवर सामानाची यादी पाठवली, पाच ऊस पानांसकट, खोबऱ्याच्या वाट्या, खारका, हळकुंडं, सुपाऱ्या, बदाम, विड्याची पानं, तांदूळ, नवं कापड, तांब्याचा कलश, घोंगडी, कापूर, तेल आणि भंडारा, आणि भंडारा लिहून पुढे "भरपूर". हळद आण्णांनीच वाशीच्या मसाला मार्केटमधून आणली, जुन्या ओळखीवर, आणि सांगलीची आहे हे येणाऱ्याजाणाऱ्याला चार वेळा सांगितलं. पोलीस स्टेशनला अर्ज दिला, स्पीकर रात्री दहाला बंद करायचा हे आम्हालाही माहीत होतं आणि वाघ्यालाही, तो म्हणाला काळजी करू नका, दहानंतर नुसती दिमडी आणि तुणतुणं, जुन्या काळात कुठं होता स्पीकर. गल्लीत छोटा मांडव घातला, शेजाऱ्यांना घरोघर जाऊन सांगितलं.

नवस कशाचा हे मात्र अजून ठरलेलं नव्हतं.

ते कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं, ते जागरणाच्या दिवशी दुपारी. पुरण वाटत बसलो होतो. समोरच्या घरातल्या काकू, सासूबाईंच्या जुन्या मैत्रीण, दोघींचे नवरे एकाच टोळीत होते, त्या पोळ्या लाटायला आल्या होत्या. मी सहज म्हटलं, काकू, तुम्हाला काही माहितीये का हो आईंनी कशाचं बोललं होतं? काकूंनी लाटणं थांबवलं नाही. म्हणाल्या, "आगं तिला गावाला जायचं हुतं."

मी म्हटलं म्हणजे?

"आण्णा रिटायर झालं की गावाला जाऊन ऱ्हायचं. पडकं घर हाय न्हवं का, ते बांधायचं, एक म्हस घ्यायची. घरभरणीला जागरण घालीन म्हणाली हुती देवाला. लई वर्सं झाली त्याला. मग तुमचं वरचं बांधायचं निघालं, मग धाकट्याचं ठाण्याचं घर, मग पोरं सांभाळायची. ऱ्हायलं ते." आणि मग, माझ्याकडे न बघताच, "आता मला आसं आठवतंय. ती धा गोष्टी बोलायची देवाला, ह्योच नवस का दुसरा, कुणाला ठावं."

मी ताईंकडे बघितलं, त्यांच्या हातातला पुरणाचा गोळा तसाच. म्हणजे आम्ही रविवारभर बसून आपापल्या मिळालेल्या गोष्टी मोजत होतो आणि त्या बाईने जर काही स्वतःसाठी मागितलं असेल तर ते मिळालंच नव्हतं! आणि का नाही मिळालं, तर आमच्या इच्छा रांगेत पुढे होत्या म्हणून. सोहमसाठी ती आली, वरच्या मजल्यासाठी तिचे पैसे गेले, माझ्या आजारपणात तिने सहा महिने पाय हलवला नाही इथून. आणि तरी शेवटी म्हणाली की राहिलंय, घाला. मिळालंच नाही त्याचं देणं कोण देतं? ताई डोळे पुसून एवढंच म्हणाल्या, आण्णांना सांगू नकोस आत्ता.

संध्याकाळी पार्टी आली. दोन वाघे, एक मुरळी, एक तुणतुणंवाला. घोंगडी अंथरली, त्यावर पाट, पाटावर नवं कापड, तांदळाचा चौक, मधे कलश, देवाचे टाक, आणि पाच ऊस वर एकत्र बांधून त्याचाच देवासाठी मांडव. दिवटी पेटली. मग एकेका देवाला नाव घेऊन जागराला या म्हणून बोलावणं, जेजुरी, पाल, तुळजापूर, कोल्हापूर, सगळी यादी, आमच्या गावचा म्हसोबासुद्धा, आणि तिथेच नवऱ्याचा आवाज गेला जरा, गावच्या देवाचं नाव कोपरखैरणेच्या गल्लीत ऐकून.

स्पीकर बंद झाल्यावर खरी मजा आली असं माझं मत आहे. बाणाईची गोष्ट लागली. देवाला बाणाई हवी होती, म्हाळसा घरात असताना. सारीपाट हरला आणि बाणाईच्या वाड्यावर जाऊन धनगराचा चाकर झाला, मेंढरं राखली, सगळ्यांची बोलणी खाल्ली. मुरळी म्हाळसेचे टोमणे असे काही मारत होती की गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी दिरांकडे बघितलं. देवालाच जर इच्छा सुटली नाही आणि तिच्यापायी त्यालाच राबावं लागलं तर आपण कोण. ते म्हणाले, वहिनी, लोककथा आहे ती. हसत होते पण तेही.

मग मणी आणि मल्ल. ही गोष्ट मी आधी ऐकली होती पण अशी नाही. युद्धात मणी पडला, मरताना त्याने देवाला आपला पांढरा घोडा दिला आणि मागितलं काय, तर तुझ्या देवळात तुझ्याजवळ मला जागा दे. म्हणून तो अजूनही देवाजवळ पुजला जातो. मल्ल पडला, त्यालाही देवाने विचारलं काय हवंय, तर तो म्हणाला जगाचा नाश होऊ दे, माणसांचं मांस खायला मिळू दे. त्याचं डोकं पायरीला लागलं, लोक त्यावर पाय देऊन देवाकडे जातात. दोघे सख्खे भाऊ, दोघेही दैत्य, हरलेले, आणि देवाने दोघांनाही तोच प्रश्न विचारला. दिरांचा तो पसायदानाचा मुद्दा मला तेव्हा परत आठवला.

मधे चहा झाला तेव्हा मोठा वाघ्या बाहेर खुर्चीवर बसला होता, साठीचा असेल, गळ्यात भंडाऱ्याची पिशवी. मी कप दिला आणि विचारलं, तुम्ही या धंद्यात कसे? म्हणाला, "धंदा न्हाय वहिनी, मीच नवस हाय." त्याच्या आईची मुलं जगत नव्हती. तिने बोललं की पहिला जगला तर तुझा वाघ्या करीन. हा जगला. "मागणारी आई, देणारा देव, आन् फेडणारा मी," म्हणाला, "मला कुनी इच्यारलं न्हाई." राग होता का? मला तरी दिसला नाही, पण आनंदही नव्हता, सवयीने बोलल्यासारखं बोलला. त्याचा मुलगा इलेक्ट्रिशियन आहे, त्याला या वाटेला येऊ दिलं नाही. मुरळ्यांचं तर विचारूच नका म्हणाला, पूर्वी पोरी सोडायचे देवाला. मला माहीत होतं थोडंफार, मुली देवाला वाहण्याविरुद्ध मुंबई प्रांतात १९३४ ला कायदा झाला आणि आपल्या राज्याचा २००५ चा आहे, पण कायदा वाचणं वेगळं आणि ज्याच्यावरून नवस फेडला गेला तो माणूस आपल्या दारात चहा पितोय हे वेगळं. नवसाबद्दल मी जे काही छान छान विचार केले होते ते जरा तिथेच अडकले. इच्छा एकाची आणि तिची किंमत दुसऱ्याच्या आयुष्यातून. आणि हा विचार करता करता मी मान वळवली तर आत भिंतीवर सासूबाईंचा फोटो, हार घातलेला.

पहाटे तळी भरली. ताम्हणात पानं, सुपाऱ्या, खोबरं, भंडारा, पाच जणांनी हात लावून उचलायची, "सदानंदाचा येळकोट" म्हणत. त्याआधी वाघ्याने यजमानाला समोर उभं केलं, आण्णांना, आणि विचारलं, सांगा, कशाचा नवस? आता फोनवरचं टाळता आलं होतं, हे कसं टाळणार. नवरा, दीर, ताई सगळे एकमेकांकडे बघतायत. आण्णांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "तिचं जे काय आसंल ते. देवाला ठावं हाय." वाघ्या क्षणभर थांबला आणि सरळ गायला लागला, धन्याची नाही तर कारभारणीची नवसपूर्ती म्हणून, सासूबाईंचं नाव घेऊन. आयुष्यभर त्यांना कुणी नावाने हाक मारलेली मी ऐकली नव्हती. येळकोट झाला, खोबरं-भंडारा उधळला, मी डोळे मिटले आणि काय सांगू, त्याच मिनिटाला माझ्या मनात पुढचं मागणं तयार, लेकीची बारावी नीट जाऊ दे. मला हसूच आलं. देणं फिटतंय तोवर नवीन उधारी.

शेवटी लंगर. लोखंडाची साखळी, वाघ्या ती हातात धरतो आणि हिसका देऊन तोडतो. पहिल्या हिसक्याला तुटली नाही, दुसऱ्याला तुटली, कडी उडून मांडवाच्या बांबूला लागली आणि सोहमने त्याचा व्हिडिओ काढला तो नातेवाइकांच्या ग्रुपवर अजून फिरतोय.

काकू म्हणाल्या ते आण्णांना आम्ही दोन दिवसांनी सांगितलं. ते म्हणाले मला माहीत होतं. एवढंच. मग बऱ्याच वेळाने म्हणाले की ती शेवटी शेवटी गावाचं नाव काढायची नाही, मी एकदा म्हटलं चल जाऊ, तर म्हणाली आता काय करायचंय तिथं, सगळी इथंच हायत. म्हणजे तिची इच्छा पुरी झाली नाही की तिची तिलाच सुटली, हे मला अजून ठरवता येत नाही. दीर म्हणतात सुटली, हेच खरं, यालाच वैराग्य म्हणतात. मला नाही वाटत. मला वाटतं दमली होती. सुटणं आणि दमणं बाहेरून सारखंच दिसतं, आणि घरातल्यांना सुटली असं म्हणणं सोयीचं असतं.

आता पौषात पालीला जायचंय, लग्नाला, नारळ आणि तळी घेऊन, तिथून गाव काही फार लांब नाही. आण्णा म्हणाले जाऊन चार दिवस घरात राहतो. घरात म्हणजे काय, निम्मं छप्पर नाहीये. नवऱ्याने मिस्त्रीला फोन केला, त्याने पत्र्याचा भाव सांगितलाय, भाऊजी म्हणतात करायचंच तर स्लॅब घाला, आणि ताई म्हणतात आधी तिथे राहणार कोण ते ठरवा.